मौनाची जागा

काशीच्या पक्क्या महालातील गल्ल्या गंगेकडे जसजशा उतरत जातात, तसतशा अधिकाधिक अरुंद होत जातात. समोरून सांड आला, तर वाटसरूला कोणाच्या तरी ओट्यावर चढून उभे राहावे लागते. दुर्गाघाट, ब्रह्मघाट, पंचगंगा या घाटांच्या माथ्यावर, याच गल्ल्यांमधून, मराठी कुटुंबे कित्येक पिढ्या नांदत आली आहेत. घरात मराठी, गल्लीत बनारसी बोली आणि शाळेत हिंदी, अशा तीन भाषांत येथील मुले वाढतात. भिंतीला भिंत लागलेली असल्यामुळे एका घरातील फोडणीचा वास दुसऱ्या घरात जातो आणि कोणाकडे पाहुणे आले, कोणाची सून माहेरी गेली, हे सांगण्यासाठी कोणाला मुद्दाम जावे लागत नाही. मुलांकडे लक्ष ठेवणारी माणसेही अशा वस्तीत पुष्कळ असतात. गल्लीच्या तोंडाशी बसलेला पानवाला, ओट्यावर जप करणाऱ्या आजी, सकाळचा दूधवाला, यांपैकी प्रत्येकाला कोणते मूल कोणाचे हे ठाऊक असते. आणि तरीही, जेथे सर्वांना सर्व काही ठाऊक असते, तेथेच एखादी गोष्ट वर्षानुवर्षे कोणालाच ठाऊक नसते. किंवा ठाऊक असून ती ठाऊक नसल्यासारखी ठेवली जाते.

अशा वस्तीतील एका शाळेचा पाचवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. वर्गाला शिकविणारी शिक्षिका त्याच गल्लीत राहणारी, मराठी घरातली. तिला नाव देण्याचे कारण नाही, कारण ती कोणा एका शाळेतील एक बाई नव्हे. काशीत, कोल्हापुरात वा कारंज्यात, कोठल्याही शाळेत ती भेटू शकेल. तिच्या वर्गात दहा वर्षांची एक मुलगी आहे. दिवाळीपर्यंत ती पहिल्या बाकावर बसे, प्रश्न पुरा होण्याआधीच हात वर करी. दिवाळीनंतर ती दाराजवळच्या बाकावर जाऊन बसू लागली. मागून कोणी आले की दचकू लागली. अक्षर मोत्यासारखे होते, ते विस्कटले. शाळा सुटल्याची घंटा झाली की मुलांचा लोंढा दाराकडे धावतो. ही मात्र दप्तर भरण्यात वेळ काढत राहते.

यांतील एकेक गोष्ट निराळी घेतली, तर तिचा काहीच अर्थ होत नाही. मुलांची अक्षरे बिघडतात, मैत्रिणींशी भांडणे होऊन बाक बदलतात, घरात आजारपण असले म्हणजे मूल गप्प होते. शिक्षकाचे काम या खुणांवरून निदान करण्याचे नाही. परंतु आईवडिलांनंतर मुलाला रोज, त्याच प्रकाशात, त्याच जागी पाहणारे माणूस म्हणजे शिक्षक. कालचे मूल आणि आजचे मूल यांत पडलेले अंतर त्याला दिसते, ते घरातल्या माणसालाही पुष्कळदा दिसत नाही.

एके दिवशी वर्ग रिकामा झाल्यावर बाईंनी सहज विचारले, "घरी जायचे नाही का?" मुलगी म्हणाली, "आज आजी देवळात असेल. शिकवणीचे काका आले असतील." एवढेच बोलली. पण बोलताना ती हिंदीतून मराठीत आली. शाळेत ती बाईंना इतर मुलांसारखी 'मॅडम' म्हणत असे. त्या दिवशी पुढच्याच वाक्यात ती 'काकू' म्हणाली.

भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली बालकांच्या छळासंबंधी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतील 12,447 मुलांशी त्यात बोलणे झाले होते. उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये त्यांत होती. निम्म्याहून अधिक, म्हणजे 53 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. आकडा मोठा आहे आणि तो वाचून मन सुन्न होते. परंतु त्याच अहवालातील दुसऱ्या दोन गोष्टी त्याहूनही विचार करावयास लावणाऱ्या आहेत. छळ करणाऱ्यांपैकी निम्मी माणसे मुलाच्या ओळखीची वा विश्वासाची होती आणि बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. अनोळखी माणसाने दिलेला खाऊ घेऊ नये, हे आपण मुलांना आवर्जून शिकवितो. ओळखीच्या माणसाविषयी काय करावे, हे मात्र आपण त्यांना कधी सांगत नाही. कारण ते सांगावयाचे तर आधी आपल्याला कबूल करावे लागते.

मराठीत एक म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. दारिद्र्य झाकून मानाने राहणाऱ्या माणसासाठी ती चांगली म्हण आहे. पण तीच म्हण लहान मुलाच्या दुःखावर ठेवली जाते, तेव्हा त्या मुठीत मोती नसतो, मूल असते.

दुसऱ्या दिवशी मुलगी आणखी थोडे बोलली. काय बोलली, ते येथे सांगण्याचे कारण नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "काकू, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना? आईलासुद्धा नाही ना?"

या प्रश्नाला 'नाही सांगणार' असे उत्तर देण्याचा मोह कोणालाही होईल. समोरचे मूल रडवेले झालेले असते आणि त्याला त्या क्षणी धीर देणारे तेच एक वाक्य जवळ असते. तरीही ते देऊ नये. पाळता न येणारे वचन दिले, की ज्या एका मोठ्या माणसावर मुलाने विश्वास टाकला, तेही खोटे निघाल्यासारखे होते. बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "मी सगळ्यांना सांगणार नाही. पण तुला जी माणसे मदत करू शकतात, त्यांना मला सांगावे लागेल. तू सांगितलेस ते फार चांगले केलेस. तुझे काहीसुद्धा चुकलेले नाही." त्यांनी आणखी प्रश्न विचारले नाहीत. कधी, कोठे, किती वेळा, असे खोदून विचारणे हे चौकशी करणाराचे काम आहे आणि तेही त्याने एकदाच, शिकून सवरून करावयाचे असते. शिक्षकाने उत्सुकतेपोटी वा कळवळ्यापोटी विचारलेले दहा प्रश्न मुलाला दहा वेळा त्या खोलीत परत नेतात. शिवाय पुढे न्यायालयात मुलाचे शब्द मुलाचे राहिले नाहीत, असे म्हणण्याला वाट मिळते. बाईंनी घरी जाऊन एका कागदावर तारीख घातली, वेळ घातली आणि मुलीचे शब्द जसेच्या तसे, मराठीचे मराठीत, लिहून ठेवले. आपला तर्क त्यात मिसळला नाही.

मग त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या.

मुख्याध्यापक वाईट गृहस्थ नव्हते. वाईट माणसांमुळे जेवढी मुले एकटी पडतात, त्याहून अधिक मुले सज्जन आणि सावध माणसांमुळे एकटी पडतात. त्यांनी सर्व ऐकून घेतले, पाण्याचा पेला पुढे सरकविला आणि म्हणाले, "मॅडम, आपली पूर्ण खात्री आहे का? मुलीला काही वाटले असेल, तिने काही ऐकले असेल. ते गृहस्थ या भागात मानले जातात. मुलीच्या घरच्यांना काय वाटेल? उद्या तिचे लग्नकार्य व्हायचे आहे. आपण असे करू, चार दिवस पाहू. तोवर मी त्यांच्याशी खाजगीत बोलून घेतो."

या बोलण्यातला प्रत्येक शब्द शहाणपणाचा वाटतो आणि प्रत्येक शब्द चुकीचा आहे. संशयित माणसाशी खाजगीत बोलणे म्हणजे त्याला सावध करणे. चार दिवस पाहणे म्हणजे मुलीला आणखी चार दिवस त्याच घरी पाठविणे. आणि खात्रीचा प्रश्न तर कायद्यानेच शिक्षकाच्या डोक्यावरून उतरविला आहे.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम 2012 साली संमत झाला आणि त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला, बालदिनी, अमलात आला. 'पॉक्सो' या आद्याक्षरी नावाने तो आता सर्वपरिचित आहे. त्याच्या 19 व्या कलमाचा आशय असा की, असा अपराध घडला असल्याची माहिती ज्याला असेल, किंवा तो घडण्याचा संभव आहे अशी भीती ज्याला वाटत असेल, त्याने ती गोष्ट विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळविली पाहिजे. 'पुरावा' हा शब्द तेथे नाही. पुरावा गोळा करणे पोलिसांचे काम, तो तोलणे न्यायालयाचे काम. शिक्षकाचे काम कळविण्याचे. न कळविणाऱ्यास 21 व्या कलमान्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास वा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या हाताखालील माणसाने केलेला अपराध संस्थेच्या प्रमुखाने दडवून ठेवला, तर कारावास एक वर्षापर्यंतचा आहे. उलट, सद्‌भावनेने कळविलेली गोष्ट पुढे सिद्ध झाली नाही, तरी कळविणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई करता येत नाही. शिक्षकाने मुख्याध्यापकाला सांगितले म्हणजे त्याचे कर्तव्य संपले, असेही कायदा म्हणत नाही. वरिष्ठांना सांगणे हा शाळेचा शिष्टाचार झाला. पोलिसांना कळविण्याचे कर्तव्य ज्याला कळले त्याचे.

अशा सक्तीची कल्पना जगात नवी नाही. अमेरिकेत डॉ. हेन्री केम्प आणि त्यांचे सहकारी यांनी 1962 साली मारहाण झालेल्या बालकांच्या लक्षणांविषयी एक प्रबंध लिहिला. तोवर डॉक्टर मोडलेली हाडे जोडून देत आणि ती कशी मोडली, हे विचारीत नसत. त्या प्रबंधानंतर सुमारे पाच वर्षांत तेथील सर्व राज्यांनी कळविण्याचे कायदे केले. आपल्याकडे गोव्याने 2003 साली बालकांसाठी स्वतंत्र कायदा करून पाऊल पुढे टाकले. साऱ्या देशाला मात्र 2012 पर्यंत थांबावे लागले.

सक्तीविरुद्ध बोलणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. सांगितले की पोलीस येणार, हे कळल्यावर एखादे मूल सांगावयाचेच थांबेल, अशी त्यांना भीती वाटते. ही भीती खरी आहे. पण न सांगण्याच्या रीतीचा अनुभव आपण शतकानुशतके घेतलेला आहे आणि तो मुलांच्या बाजूचा नाही.

विलंबाने काय होते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातलीच आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचार 2019 साली उघडकीस आले. तेथील मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरावर, कळूनही न कळविल्याचा आरोप ठेवण्यात आला. उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला होता. 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. माहिती असूनही न कळविणे हा गंभीर अपराध आहे आणि बहुतेक वेळा तो अपराध्याला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असे न्यायालयाने त्या वेळी बजाविले. दुसरे उदाहरण 2024 च्या ऑगस्टमधील बदलापूरचे. शाळेत शिकणाऱ्या चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेच्याच आवारात अत्याचार झाल्याचे त्यांच्या घरी कळले. ते शाळेने कळविले नाही. मुलींच्या वागण्यातून आणि बोलण्यातून घरच्यांना कळले. तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळत बसावे लागले. 20 ऑगस्टला संतप्त लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा साऱ्या राज्याने तिकडे पाहिले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेच्या चालकांवर न कळविल्याचा गुन्हाही दाखल झाला. शाळेचे नाव जाऊ नये म्हणून जे झाकले जाते, ते शेवटी शाळेच्या नावासकट बाहेर येते. मधल्या काळाची किंमत मात्र मुलांनी मोजलेली असते.

काशीच्या या गल्ल्यांमध्ये एकनाथ महाराजांची आठवण अजून निघते. त्यांच्या भागवताची समाप्ती याच नगरीत, 1573 साली झाली. त्यांची पैठणची एक कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात, अस्पृश्य मानल्या गेलेल्या आईचे एक मूल रडत राहिले होते. नाथांनी ते उचलून कडेवर घेतले आणि त्याच्या घरी नेऊन पोचविले. ही कथा समतेची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. परंतु तिच्यात आणखी एक साधी गोष्ट आहे, ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वाळवंटात त्या वेळी स्नानाला आलेली इतरही माणसे असतीलच. रडणे त्यांनाही ऐकू गेले असेल. मूल आपले नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

मुख्याध्यापकांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर बाई शिक्षककक्षात गेल्या नाहीत. तेथे चहा चालू होता आणि तेथे काही बोलले असते, तर संध्याकाळपर्यंत ते घाटावर पोचले असते. त्या गच्चीच्या जिन्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी 1098 हा क्रमांक फिरविला. 'दस नौ आठ' या नावाने हा क्रमांक उत्तर भारतातील मुलांच्याही तोंडी आहे. तो मुंबईत 1996 साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला, तो फूटपाथवरच्या मुलांसाठी. 2023 पासून ही सेवा शासन स्वतः चालविते आणि आपत्कालीन 112 या क्रमांकाशी ती जोडली गेली आहे. मारहाण, उपासमार, मजुरीला जुंपणे, असे मुलांचे जे इतर हाल असतात, त्यांच्यासाठीही हाच क्रमांक उपयोगी पडतो. पलीकडच्या आवाजाने शांतपणे विचारले आणि बाईंनी कागद पाहून सांगितले. मग पोलिसांत द्यावयाचे दोन ओळींचे पत्र त्यांनी लिहिले आणि त्याची एक प्रत मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मुख्याध्यापकांनी ते वाचले, बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि खाली आपलीही सही केली. ती भीतीने केली की पटून केली, हे बाईंना कळले नाही. त्यांनी विचारलेही नाही.

कालभैरव हा काशीचा कोतवाल, अशी या नगरीची श्रद्धा आहे. शहराच्या कोतवाली ठाण्यात मुख्य खुर्ची त्याच्यासाठी राखून ठेवतात आणि ठाण्याचा अधिकारी बाजूला बसतो, असे सांगतात. बाईंना काळजी होती, ती या ठाण्याच्या पायऱ्यांची. दहा वर्षांची मुलगी त्या पायऱ्या चढताना गल्लीने पाहिली, तर? परंतु कायद्याने त्याचाही विचार केलेला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल त्या ठिकाणी घ्यावयाचा असतो. शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि अंगावर गणवेश न घालता. रात्री कोणत्याही कारणाने मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत ही बाब बालकल्याण समितीच्या आणि विशेष न्यायालयाच्या कानावर घालावी लागते. मुलाचे नाव, घर, शाळा, चेहरा, यांपैकी काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सगळीकडे सर्व काही असेच, अक्षरशः होते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही; बदलापूरच्या पालकांचा अनुभव ताजा आहे. पण दुसऱ्या दिवशी दुपारी साध्या साडीत एक बाई त्या घरी आली. गल्लीने तिला कोणाची तरी मावशी समजून जाऊ दिले.

त्यानंतरचा काळ सोपा नव्हता. मुलीची आई पहिल्या दिवशी बाईंवर संतापली आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. आजींनी बोलणे टाकले. शिकवणीचे काका दिसेनासे झाले, तेव्हा गल्लीत तर्क सुरू झाले आणि कोणाचा तरी संशय बाईंवर आला. काहीतरी केले ते यांनीच, एवढेच लोकांना कळले. काय आणि का, ते कळले नाही. ते कळू द्यावयाचे नव्हते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाईंना बोलावणे आले, पण त्यांच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. एक वयस्कर बाई वाण देताना मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "काही माणसांना दुसऱ्याच्या घरात फार लक्ष घालायची सवय असते." उत्तर अगदी ओठांवर आले होते. एका वाक्यात सगळी बैठक गप्प झाली असती.

बाईंनी तिळगूळ घेतला आणि या वर्षी तीळ किती महाग झाले आहेत, त्याविषयी त्या बोलल्या.

पाचवीच्या वर्गात रोज सकाळी हजेरी होते. ती मुलगी अजून दाराजवळच्याच बाकावर बसते. तिचे नाव आले की 'उपस्थित' म्हणते, पण आवाज इतका लहान असतो की वर्गाच्या गलबल्यात तो हरवतो. बाई तो ऐकू येईपर्यंत लेखणी वर धरून थांबतात. मग खूण करतात आणि पुढचे नाव घेतात.